कुलूप शाबूत होतं

कुलूप तुटलेलं असतं तर ओंदिनाला एवढं लागलं नसतं. चोर येतात, कड्या कापतात, कुत्री पळवतात. मिर्ना नदीच्या खोऱ्यात यात नवल काही नव्हतं. ट्रफलचा हंगाम लागला की चांगल्या नाकाच्या कुत्र्यावर साऱ्या रानाचा डोळा असतो. ओक झाडांच्या मुळाशी, हातभर मातीखाली दडलेलं ते सुगंधी, कंदासारखं अळंबं माणसाला काही केल्या सापडत नाही; कुत्र्याला सापडतं. म्हणून इथे लोक घराला कडी लावायला विसरतील, पण कुत्र्याच्या खोलीला कुलूप लावायला विसरत नाहीत.

ओंदिनाही विसरली नव्हती. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी ती दुधात कुस्करलेला पाव घेऊन अंगणाच्या टोकाला गेली, तेव्हा कुलूप कोयंड्यात जिथल्या तिथे लटकत होतं. आकड्यांची चारही चाकं तिने रात्री फिरवून ठेवली होती तशीच अस्ताव्यस्त. जाळीचं दार बंद. आत गवताचा बिछाना, पाण्याचं भांडं, भिंतीला टेकवलेली जुनी घोंगडी. श्कूरा मात्र नव्हती.

तिने आधी हाक मारली. मग उगाचच बिछान्यात हात घालून पाहिलं, जणू एवढी मोठी तपकिरी कुरळ्या केसांची कुत्री गवताखाली लपली असेल. मग तिचं लक्ष पुन्हा कुलपाकडे गेलं. कुणीतरी कुलूप उघडलं होतं, कुत्री बाहेर काढली होती, आणि दार ओढून घेऊन कुलूप पुन्हा लावलं होतं. घरच्या माणसासारखं.

नंबर दोघांनाच ठाऊक होता. एक ती. दुसरा एलिओ.

एलिओ तिच्या नवऱ्याचा, मावरोचा, लहानपणापासूनचा मित्र. एकटा माणूस, रानाच्या वरच्या अंगाला त्याचं घर आणि ऑलिव्हची थोडी झाडं. मावरो छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा श्कूरा अजून पिल्लू होती. तिला शिकवायचं अर्धवट राहिलं होतं. ओंदिनाने तोवर घर आणि द्राक्षमळा एवढंच पाहिलेलं. एलिओ म्हणाला, "कुत्री तुझी, पाय माझे. चल, दोघं मिळून शिकवू." आणि शिकवलं. मातीत नाक घालून श्कूरा उकरायला लागली की तिला हळूच बाजूला कसं करायचं, वरची माती लहान कुदळीने आणि शेवटची माती नुसत्या बोटांनी कशी काढायची, म्हणजे आतलं ट्रफल दुखावत नाही, हे सगळं ओंदिना त्याच्याकडूनच शिकली. जे सापडेल त्याचे दोन वाटे. ओंदिनाचा गुडघा धरला की एलिओ पहाटे एकटाच येऊन श्कूराला घेऊन जाई, म्हणून त्याला नंबर सांगितलेला.

आणि हे आकड्यांचं कुलूप सगळ्या गावाकडेच होतं. बुझेत शहरातल्या लोखंडी सामानाच्या दुकानातून एकाने आणलं, मग सगळ्यांनी आणलं. चिखलाच्या हातांनी, धुक्यात, रानातून परत येताना किल्ली कुठे पडली ते शोधत बसण्यापेक्षा हे बरं, असं जो तो म्हणायचा.

त्या दिवशी सगळ्यात आधी धावून आला तो रिनो, मावरोचा धाकटा भाऊ. त्याने ओंदिनाला गाडीत घातलं, नदीकाठचे सगळे रस्ते पालथे घातले, पेट्रोल पंपावर, दुकानांत, चर्चच्या दारावर श्कूराचा फोटो चिकटवला. पोलिसचौकीत तिच्याऐवजी तोच बोलला. चौकीतल्या पोराने विचारलं, "कुलूप तोडलंय का?" नाही म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. "मग काकू, घरातल्यांनाच विचारा की."

परतताना रिनोने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "वहिनी, मी काही म्हणत नाही."

"काय म्हणत नाही?"

"जाऊ दे. मावरोचा मित्र आहे तो."

"भावजी, बोला ना सरळ."

"सरळ काय बोलायचं? रात्री श्कूरा भुंकली का?"

"नाही."

"अनोळखी माणूस आला असता तर साऱ्या गल्लीला उठवलं असतं तिने. कुलूप तुटलं नाही, कुत्री भुंकली नाही. आता यात मी माझ्या पदरचं काही घातलं का? तूच सांग."

पुढच्या वळणावर ओंदिना म्हणाली, "भावजी, गाडी एलिओकडे घ्या."

एलिओ झाडांखाली जाळी अंथरून ऑलिव्ह काढत होता. लांब दांड्याच्या फण्याने फांद्या विंचरायचा आणि फळं टपटप खाली पडायची. ओंदिनाला पाहून तो झाडाखालून बाहेर आला.

"सापडली?"

"नाही. एलिओ, नंबर कुणाला सांगितला होतास?"

"नाही, कुणालाच नाही."

"बारमध्ये? पिऊन, बोलता बोलता?"

"पिऊन मी काय बोलतो ते तुला माहितीये. मावरोचं काढतो आणि रडतो. का?"

"कुलूप तुटलेलं नाही."

"सकाळीच कळलं मला ते. म्हातारा बेपी सांगत होता."

"नंबर दोघांनाच माहीत होता. मला आणि तुला."

एलिओने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मागे रस्त्यावर उभ्या गाडीत बसलेल्या रिनोकडे पाहिलं. हातातला फणा त्याने झाडाला टेकवून ठेवला, अगदी सावकाश.

"म्हणजे तू हे विचारायला आलीस."

"मी फक्त विचारतेय."

"विचारू नकोस. बघ. घर उघडं आहे, कोठार उघडं आहे, तळघराची किल्ली दाराला आहे. जा, बघून ये."

त्या क्षणी ती परत फिरली असती तर पुढचं बरंचसं टळलं असतं. नंतर किती वेळा तिने मनातल्या मनात तिथून पाय मागे घेतले! पण त्या दुपारी ती सकाळपासून उपाशी होती, डोळ्यांपुढे रिकामा बिछाना होता, आणि ती गेली. तिने एलिओचं कोठार पाहिलं. तळघरात उतरून पिंपांच्या मागे पाहिलं. त्याच्या झोपायच्या खोलीचं दारसुद्धा लोटलं. चुलीपाशी त्याचा म्हातारा, बहिरा कुत्रा ब्रेक झोपला होता. त्याने उठून तिचा हात हुंगला आणि शेपूट हलवत तो तिच्यामागे घरभर फिरला.

बाहेर आली तेव्हा एलिओ पुन्हा ऑलिव्ह काढत होता. त्याने मान वळवली नाही.

"नाही ना?" फांदीकडे बघतच त्याने विचारलं.

"नाही."

"मग विकली असेन. असंच म्हणणार ना आता?"

ओंदिना गाडीत येऊन बसली. रिनोने तिच्या हातावर हात ठेवला आणि गाडी सुरू केली.

गाव लहान, त्यामुळे कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. बारमध्ये एलिओ आला की त्याच्यापुढे पेला ठेवला जाई, पण शेजारची खुर्ची रिकामीच राही. ज्या वाटेने तो रानात शिरायचा त्या वाटेवर बाकीचे आपली कुत्री जवळ ओढून घ्यायला लागले. बेपी, गावातला सगळ्यात म्हातारा ट्रफल शोधणारा, तोंडाचा फटकळ, एकदा भर बारमध्ये म्हणाला, "आमच्या वेळी कुत्रा चोरणाऱ्याला नदीत घालायचे. आता त्याला वाइन देतात." एलिओने पेला अर्धा तसाच ठेवला, पैसे ठेवले आणि तो उठला. त्यानंतर तो बारमध्ये आला नाही, आणि हळूहळू रानातही दिसेनासा झाला. बहिऱ्या ब्रेकला घेऊन तो जाणार तरी किती लांब?

ओंदिनाला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण त्या वाईट वाटण्यावर राग चढून बसला होता. मावरोच्या अंत्ययात्रेत ज्याने खांदा दिला, ज्याच्या हातची सूपं तिने आजारपणात खाल्ली, त्याने आपल्याला असं फसवावं! रात्री कूस बदलली की तिला वाटे, कुत्री गेली ते परवडलं, पण ही इतकी वर्षं खोटी निघाली त्याचं काय करायचं? अंगणात कुलूप तसंच लटकत होतं. ते काढून टाकायचंही तिच्या जिवावर येई.

रिनो रोज येऊ लागला. त्याच्याकडे बोबी नावाचा कुत्रा होता, तरुण आणि उनाड. सशामागे पळण्यात त्याला जास्त रस. "घरात बसून झुरू नकोस, वहिनी," रिनो म्हणायचा, "चल, बोबीला घेऊन जाऊ. मावरोला आवडलं असतं, घरातल्या माणसांनी मिळून रानात गेलेलं." ती जायची. फारसं सापडायचं नाही. पण रिनो खूश असायचा, वाटेत भेटेल त्याला मोठ्याने सांगायचा, "आम्ही घरचीच माणसं!" आणि संध्याकाळी रिनोची बायको नेवीया तिला जेवायला ठेवून घ्यायची. नेवीया साधी, बडबडी बाई. ओंदिनाच्या ताटात तिसऱ्यांदा वाढताना ती म्हणायची, "जाऊबाई, तुमचं तोंड किती उतरलंय! खा हो."

नोव्हेंबरात एकदा ऊन पडलं तेव्हा ओंदिनाने ती खोली साफ करायचं ठरवलं. गवत काढून टाकलं, भांडं घासलं, घोंगडी वाळत घातली. मग दाराशी बसून कुलूप हातात घेतलं. नंबर लावून उघडलं, मिटलं, चाकं फिरवली. ते कचऱ्याच्या डब्यात टाकायचं तिच्या मनात होतं. बोट कडीत अडकवून ती तशीच बसून राहिली, कुलपाचं वजन बोटाला ओढ देत होतं, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा सवयीने चाकांवर फिरत होता.

तिसरं चाक घट्ट होतं.

बाकीची तिन्ही सैल फिरत होती, हे एक मात्र कशाला तरी घासत होतं. तिने ते फिरवलं. एक आकडा, दोन, तीन... आणि एका आकड्यावर ते हलकेच बसलं. आवाज नाही, काही नाही. मातीत बोट घातल्यावर दगड संपून ट्रफलची कांती लागते, तेवढाच फरक. तिने खाली पाहिलं. आकडा बरोबर होता. तिचाच आकडा.

आता पहिलं चाक घट्ट लागत होतं. तेही तिने फिरवलं, तेही एका जागी बसलं. मग चौथं. मग दुसरं. आणि कडी निसटून वर आली.

ओंदिनाने ती पुन्हा दाबून बंद केली. या वेळी तिने डोळे मिटले. कडी हलकी ओढायची, घट्ट चाक शोधायचं, ते सैल पडेपर्यंत फिरवायचं, मग पुढचं घट्ट चाक. कुलूप उघडलं. नंबर मनात येऊ नये म्हणून तिने कुलूप उघडं असताना डोळे मिटून दुसराच नंबर बसवला, कुठला ते न बघता. तरीही उघडलं. ती तरातरा अवजारांच्या खोलीकडे गेली. तिथेही त्याच दुकानातलं तसलंच कुलूप होतं. त्यात आधी दुसरं चाक घट्ट लागत होतं, मग पहिलं. प्रत्येक कुलपाचा क्रम आपापला असावा. पण उघडलं तेही. वेळ थोडा जास्त लागला इतकंच.

म्हणजे नंबर माहीत असायची गरजच नव्हती. कुणीही यावं, कडी ओढावी आणि उघडावं. गावातल्या प्रत्येक कुत्र्याच्या दाराला हेच लटकत होतं आणि सगळे निर्धास्त झोपत होते.

आणि एलिओ...

त्याच्या झोपायच्या खोलीचं लोटलेलं दार तिला आठवलं, पलंगावरची नीट घडी घातलेली चादर आठवली. एलिओकडे धावत जावं असं वाटलं आणि जाववेना. काय तोंड घेऊन जाणार? एकटीने जाण्याचा धीर नव्हता. घरचं माणूस बरोबर हवं होतं. ती कुलूप मुठीत घेऊन रिनोकडे निघाली.

रिनो जेवणाची वाट बघत टेबलाशी बसला होता, पुढ्यात मालवाझिया वाइनचा पेला. नेवीया चुलीपाशी मक्याचं पीठ ढवळत होती.

"भावजी, एलिओने नाही केलं!"

"कोण म्हणतं?"

"हे बघा, हे म्हणतं." तिने कुलूप टेबलावर ठेवलं. "नंबर नसला तरी उघडतं हे. मी आत्ता उघडलंय. डोळे मिटून उघडलंय!"

"काहीतरीच," नेवीया म्हणाली. "मग कुलूप कशाला म्हणायचं त्याला?"

"थांबा, दाखवते." तिने कुलूप उचललं. पण दोघं बघतायत म्हटल्यावर बोटांना काही कळेना. ती जोर लावून कडी ओढू लागली. चारही चाकं जाम झाली. तिने सोडलं, पुन्हा ओढलं. "मगाशी झालं होतं हो... आधी एक चाक..."

रिनो थोडा वेळ बघत राहिला. त्याचा स्वभावच तसा. कुणी समोर काही चुकीचं करायला लागलं, मग ते सरपण फोडणं असो की मासा सोलणं, त्याला बघवायचं नाही.

"अगं, एवढं दातओठ खाऊन ओढशील तर कसं कळेल? नुसतं बोटाचं वजन ठेव. आणि तिसऱ्यापासून सुरू कर, या कुलपात तेच आधी धरतं."

तिने ऐकलं. बोट हलकं केलं. तिसरं चाक फिरवलं. ते बसलं. आणि मग तिचा हात जागच्या जागी थांबला.

नेवीयाने चुलीवरून मान वळवली. तिच्या मनात काही नव्हतं; तिला खरोखरच प्रश्न पडला होता. "तुला रे कसं माहीत, या कुलपाचं तिसरं?"

रिनोने पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे त्याच्या लक्षात आलं.

"सगळ्यांचं तिसरंच असतं," तो म्हणाला.

"नसतं," ओंदिना म्हणाली. "माझ्या अवजारांच्या खोलीच्या कुलपाचं दुसरं आहे."

पीठ फुटफुट आवाज करत शिजत होतं. नेवीयाने न बघताच भांडं बाजूला ओढलं.

"कुठे आहे ती?" ओंदिनाने विचारलं.

"वहिनी, ऐक..."

"जिवंत आहे का?"

"जिवंत आहे म्हणजे? मजेत आहे! हद्दीपलीकडे, कोपर शहराच्या पुढे माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याच्याकडे. विकली नाही मी, आईशपथ. हंगाम संपला की आणणार होतो परत. सापडली म्हणून सांगणार होतो."

"का?"

रिनोने हात टेबलावर पसरले. त्याचा आवाज एकदम चढला, जणू त्याच्यावरच अन्याय झाला होता. "का म्हणजे? मावरो गेला तेव्हा मी घरी वाट बघत बसलो होतो, वहिनी. म्हटलं, आता मला बोलावेल. कुत्री माझ्या भावाची, रानातल्या जागा माझ्या बापाच्या. तू बोलावलंस कुणाला? त्याला! इतकी वर्षं बारमध्ये लोक मला विचारतात, रिनो, तुझ्या भावाची कुत्री एलिओची कधीपासून झाली? आणि अजून काय काय विचारतात, ते मी तुझ्या तोंडावर सांगत नाही. मी घरचा माणूस. मी काय दुरून बघत राहायचं?"

"मग मला येऊन म्हणायचं होतं."

"म्हणायला लागावं? कळायला नको होतं तुला?"

"कुलूप कधी शिकलास?"

इतक्या वर्षांत तिने दिराला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. रिनोच्या ते लक्षात आलं. तो खाली बघून बोलला.

"माझाच नंबर विसरलो होतो मी. उन्हाळ्यात. बोबी आत अडकला होता. खटपट करता करता सापडलं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस. सगळ्या गावाच्या दाराला हेच आहे."

"त्यांचं मी काही नेलं नाही."

"मी एलिओच्या घरात शिरले," ओंदिना म्हणाली. "त्याच्या तळघरात उतरून पिंपांमागे बघितलं मी. तू गाडीत बसून बघत होतास. परत आले तर माझ्या हातावर हात ठेवलास."

उठली ती नेवीया. तिने कमरेला बांधलेलं स्वयंपाकाचं कापड सोडून खुर्चीवर टाकलं आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

"ऊठ," ती नवऱ्याला म्हणाली. "पत्ता सांग. गाडी मी चालवते."

देशाची हद्द ओलांडली, समुद्र एकदा डाव्या हाताला दिसून गेला. द्राक्षमळ्यांमधल्या एका घराशी रिनो म्हणाला, "इथे." श्कूरा अंगणात साखळीला होती. अंगाने थोडी सुटलेली, केसांच्या जटा झालेल्या. गाडी ओळखून ती उड्या मारायला लागली. ओंदिना धावली. पण पुढून रिनो उतरला होता, आणि श्कूराने आधी त्याच्याच हातात नाक घातलं, शेपूट हलवत. तिला काय कळणार! तिला घेऊन येणारा तोच होता, ओळखीचा, घरचा. ओंदिनाला ते बघवलं नाही. तिने साखळी सोडवली, कुत्रीला छातीशी धरलं आणि परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर तिच्या मानेत तोंड खुपसून बसली.

घरी उतरताना ती रिनोला म्हणाली, "रविवारी चर्च सुटल्यावर सगळे बारमध्ये असतात. तिथे ये आणि सांग. नाही आलास तर मी सांगेन. पण मी सांगितलं तर पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही."

तो आला. आला तो नेवीयामुळे, असं लोक नंतर म्हणाले. बार गच्च भरला होता. श्कूरा सापडल्याची बातमी फुटली होतीच, आणि ओंदिनाच्या पायाशी ती बसलेली बघून जो तो विचारत होता, कुठे मिळाली, एलिओने कुठे लपवली होती? ओंदिनाने खिशातून कुलूप काढून गल्ल्यासमोरच्या फळीवर ठेवलं. रिनो दारात उभा होता. बराच वेळ त्याला आत येववेना. मग तो आला, कुलूप उचललं, चाकं फिरवून अस्ताव्यस्त केली. त्याची बोटं कामाला लागली. तिसरं, पहिलं, चौथं, दुसरं. बोलता बोलता माणूस कोटाचं बटण काढतो इतक्या सहज कडी वर आली. त्याने ते उघडं कुलूप फळीवर ठेवलं.

"मी केलं," तो म्हणाला. "एलिओ नव्हता."

कुणीतरी शिवी हासडली. पण पहिल्यांदा भानावर आला तो बेपी. "म्हणजे माझ्या कुत्रीच्या, बियांकाच्या दाराला जे आहे... आणि हे तुला उन्हाळ्यापासून माहीत होतं?" म्हातारा पेला तसाच टाकून टोपीही न घेता बाहेर पडला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. खुर्च्या सरकल्या, दार उघडं-बंद झालं, आणि थोड्या वेळात अख्खा बार रिकामा. रस्त्याने भर रविवारच्या कपड्यांत म्हातारी-तरणी माणसं आपापल्या कुत्र्याच्या खोल्यांकडे धावत होती. दुसऱ्या दिवशी बुझेतच्या दुकानात किल्लीची कुलपं शिल्लक राहिली नाहीत. रिनोजवळ त्या दिवसापासून बारमध्ये कुणी बसलं नाही. नेवीया पुढल्या महिन्यात आपल्या बहिणीकडे पुला शहरात राहायला गेली; काही आठवड्यांनी परत आली, पण नवऱ्याबद्दल विचारलं की विषय बदलायची.

त्या रविवारी बार रिकामा झाल्यावर ओंदिना श्कूराला घेऊन वरच्या घरी गेली. एलिओ ओट्यावर लाकडं रचत होता. श्कूरा तिच्या हातातून निसटून त्याच्यावर झेपावली. तो गुडघ्यांवर बसला, तिचे कान धरले, तिच्या जटा बघून म्हणाला, "काय गं अवतार केला हा! विंचरलं नाही का कुणी?" ओंदिनाने सगळं सांगितलं. तिसऱ्या चाकाचं, रिनोचं, बारचं. एलिओ कुत्रीच्या केसांतल्या गाठी सोडवत ऐकत होता.

"मला वाटलं होतं रिनो असेल," शेवटी तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस का? तू मला विचारलंस ते नंबराचं. कुणाला सांगितलास का म्हणून."

"कुलूप तुटलं नव्हतं, एलिओ. मला दुसरं काय..."

"कुलपाचं नको सांगूस." तो शांतपणे बोलत होता, त्यामुळे जास्तच लागत होतं. "ते कुलूप दुकानातलं होतं. आपलं नातं काय दुकानातून आणलेलं होतं?"

"मी माफी मागायला आलेय."

"मागितलीस की. झालं." तो उठला, गुडघे झटकले. "तू माझ्या तळघरात उतरलीस ना, तेव्हा मी बाहेर उभा होतो आणि मनात म्हणत होतो, आता वर येईल. एक पायरी उतरेल, लाज वाटेल आणि वर येईल. तू सगळं बघून आलीस. पिंपसुद्धा हलवलं होतंस एक."

ओंदिना रडली. त्याने तिला रडू दिलं, पाणी आणून दिलं, बसायला खुर्ची दिली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती श्कूराला घेऊन नेहमीच्या वळणावर थांबली, तेव्हा तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

मग ती एकटीच जाऊ लागली. श्कूराचं नाक तेच होतं, जागा त्याच होत्या. आता दाराला जाड, किल्लीचं कुलूप. किल्ली ती गळ्यातल्या दोऱ्याला बांधून ठेवी. गावाने एलिओला पुन्हा बोलावलं, बेपीने स्वतः घरी जाऊन त्याला बाटली दिली, तो बारमध्ये येऊ लागला. ओंदिना आली की तो मान हलवून ओळख द्यायचा. तेवढंच.

हिवाळा सरता सरता, धुकं दाट असलेल्या एका सकाळी, पाटाजवळच्या पॉप्लरच्या झाडांखाली श्कूरा एकदम कान टवकारून पुढे पळाली. ओंदिना मागोमाग गेली, तर समोर एलिओ. त्याच्या पायात एक पांढरट पिल्लू घोटाळत होतं, कान जमिनीला लागतील एवढं लहान. म्हातारा ब्रेक थंडीत गेला होता, हे तिने बारमध्ये ऐकलं होतं. दोन्ही कुत्री एकमेकांभोवती गोल फिरू लागली.

"नवीन?" तिने विचारलं.

"हं. अजून सगळं खातो. माती, काटक्या, सगळं."

"श्कूरापण खायची."

"खायची."

पाऊस फार झाला, माती जड झालीय, असं काहीतरी बोलणं झालं. तो जायला वळला. काही पावलं गेल्यावर थांबला, पण मागे पाहिलं नाही.

"उजवीकडे जाऊ नकोस," तो म्हणाला. "रानडुकरांनी सगळं उकरून ठेवलंय. पाटाच्या वरच्या अंगाने जा."

मग पिल्लाला शीळ घालत तो धुक्यात शिरला. ओंदिनाने श्कूराला हाक मारली आणि ती पाटाच्या वरच्या अंगाने चालू लागली.